फुफ्फुसात गुठळीचा संशय: रक्त पातळ करण्याचं औषध सीटीच्या आधी का, आणि पुढे कधीपर्यंत?

पारिजात_रत्नांग्री

नमस्कार मंडळी. एका गोष्टीवरून घरात दोन तट पडलेत, म्हणून सविस्तर लिहिते.

आईचं वय ६२. उजव्या गुडघ्याचा सांधा बदलला, त्याला तीन आठवडे होत आले होते. एका सकाळी न्हाणीघरातून बाहेर येताना तिला एकदम धाप लागली. श्वास आत घेतला की छातीत उजवीकडे कळ. त्याच पायाची पोटरी आदल्या दिवसापासून सुजली होती, पण ऑपरेशनचाच पाय, सूज असणारच, असं सगळ्यांना वाटलं. आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात. जवळच्या फिजिशियननी तपासलं: नाडी ११८, ऑक्सिजन ९०, बीपी ठीक. ते म्हणाले, फुफ्फुसात गुठळी गेल्याचा दाट संशय आहे, इथे सीटीची सोय नाही, ताबडतोब रत्नागिरीला हलवा. आणि हलवण्याआधी पोटावर एनॉक्सापॅरिनचं इंजेक्शन दिलं. चिठ्ठीवर डोस आणि वेळ लिहिली, आईचं वजनसुद्धा लिहिलं. रत्नागिरीत सीटी होऊन रिपोर्ट हातात येईपर्यंत दिवेलागण झाली. दोन्ही बाजूंना गुठळ्या निघाल्या. आता आई घरी आहे, रिव्हरोक्साबॅन नावाच्या रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू आहेत.

मामाचं म्हणणं असं की रिपोर्ट नसताना रक्त पातळ करायचं इंजेक्शन देणं हा जुगार होता. गुडघ्याच्या आत रक्त साचलं असतं तर? डोक्यात रक्तस्राव झाला असता तर? भाऊ म्हणतो, त्या डॉक्टरांमुळेच आई वाचली. मला दोघांपैकी कुणाची बाजू घ्यायची नाही, नीट समजून घ्यायचंय. शिवाय हे औषध किती काळ चालणार, हेही कुणी स्पष्ट सांगितलेलं नाही.

मध्यरात्रीची_ड्यूटी

पारिजातताई, मी फिजिशियन आहे, तालुक्याच्या ठिकाणीही काम केलंय. तुमच्या आईला पाहिलेलं नाही, त्यामुळे डोसबद्दल इथे बोलणार नाही. पण वेळेबद्दल बोलतो, कारण या आजारात अर्धा उपचार वेळेतच आहे.

सीटी नसताना संशय किती दाट आहे, हे मोजायची पद्धत आहे. त्याला वेल्स स्कोअर म्हणतात. पायात गुठळीची लक्षणं असतील तर ३ गुण, दुसऱ्या कुठल्या आजारापेक्षा हाच जास्त शक्य वाटत असेल तर ३, नाडी १०० च्या वर असेल तर दीड, गेल्या चार आठवड्यांत ऑपरेशन झालं असेल तर दीड. आधी कधी गुठळी झाली असेल, थुंकीतून रक्त पडलं असेल किंवा कर्करोग असेल तर त्याचे गुण वेगळे. तुम्ही लिहिलंय त्यावरून आईचे ९ होतात. ६ च्या वर म्हणजे दाट संशय. अशा रुग्णात औषध न देता नुसतं गाडीत घालून पाठवणं, हा माझ्या मते जास्त मोठा जुगार.

कारण असं. पहिल्या गुठळीतून माणूस दवाखान्यापर्यंत जिवंत पोचला, तर पुढचा धोका पायात अजून चिकटून असलेल्या गुठळीचा असतो. ती आणखी वाढते, तिचा तुकडा सुटतो आणि फुफ्फुसात जातो. हृदयाची उजवी बाजू आधीच ताणलेली असते, तिला दुसरा धक्का झेपत नाही. हेपॅरिन किंवा एनॉक्सापॅरिन आहे ती गुठळी विरघळवत नाही. ती वाढू देत नाही, नवी होऊ देत नाही. विरघळवण्याचं काम शरीर पुढच्या काही आठवड्यांत स्वतः करतं. म्हणजे औषधाचा खरा उपयोग दुसरी गुठळी अडवण्यात आहे, आणि दुसरी गुठळी सीटीच्या रिपोर्टची वाट बघत थांबत नाही.

युरोपातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत हे स्पष्ट आहे: संशय मध्यम किंवा दाट असेल तर तपासण्या चालू असतानाच औषध सुरू करा. अमेरिकेतल्या छातीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्ये याला घड्याळ लावलं होतं. दाट संशय असेल तर लगेच द्या. मध्यम असेल आणि रिपोर्टला चार तासांपेक्षा जास्त लागणार असतील तर द्या. संशय कमी असेल आणि रिपोर्ट २४ तासांत येणार असेल तर थांबा.

हे चार तास आपल्याकडे कसे मोजायचे ते बघा. गाडी मिळेपर्यंत, घाट उतरेपर्यंत, नाव नोंदवून सीटीचा नंबर लागेपर्यंत, रिपोर्ट टाइप होईपर्यंत चार तास कधीच उलटतात. म्हणून तालुक्यातून रुग्ण पुढे पाठवताना हा नियम जवळजवळ नेहमीच लागू पडतो. आणि त्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर वेळ, डोस, वजन लिहिलं, याला माझे मनापासून सलाम. ते लिहिलं नसतं तर रत्नागिरीत कुणीतरी पुन्हा पूर्ण डोस दिला असता, किंवा दिलाच असेल असं समजून दिला नसता. दोन्ही मी पाहिलंय.

घाटवाट

मी मामांच्या बाजूने थोडं बोलतो. माझ्या वडिलांना असाच संशय म्हणून इंजेक्शनं सुरू केली. शेवटी निघाला न्यूमोनिया. पण इंजेक्शनं बंद करायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही. पोटात आधीचा अल्सर होता, काळी शौच झाली, रक्त चढवावं लागलं. हॉस्पिटलचं नाव घेत नाही, पण "संशय आहे ना, देऊन टाका" ही वृत्तीही धोक्याची आहे. कोव्हिडनंतर तर डी-डायमर, म्हणजे गुठळीचा अंदाज घ्यायची रक्ततपासणी, थोडा वाढला की लगेच पोटावर सुया.

मध्यरात्रीची_ड्यूटी

घाटवाट, तुमच्या वडिलांच्या बाबतीत जे झालं ते गंभीर आहे, आणि त्यातून दिसणारी गोष्ट खरी आहे. फक्त चूक पहिल्या डोसात होती असं मला वाटत नाही. चूक न्यूमोनिया ठरल्यावरही पुढचे डोस चालू राहिले त्यात, आणि अल्सरचा इतिहास विचारला नाही त्यात होती. संशयावर सुरू केलेलं औषध रिपोर्ट येताच पुन्हा पाहायचं असतं: चालू ठेवायचं की बंद. ही दुसरी पायरी आपल्याकडे खूपदा सुटते.

आणि काही ठिकाणी पहिला डोससुद्धा देऊ नये. अंगातून आत्ता रक्त जात असेल, अलीकडे मेंदूत रक्तस्राव झाला असेल, प्लेटलेट्स फारच कमी असतील. छातीतली कळ पाठीत फाटत गेल्यासारखी असेल आणि दोन्ही हातांच्या बीपीत फरक असेल, तर महाधमनी फाटली असण्याची शक्यता असते, तिथे हेपॅरिन जिवावर बेतू शकतं. किडनी कमजोर असेल तर एनॉक्सापॅरिन शरीरात साठतं, तेव्हा डोस कमी करावा लागतो किंवा शिरेतून साधं हेपॅरिन द्यावं लागतं. साध्या हेपॅरिनचा फायदा असा की थेंब बंद केला की असर काही तासांत उतरतो. प्रोटामिन हा उताराही त्यावर चांगला चालतो, एनॉक्सापॅरिनवर अर्धवट चालतो.

डी-डायमरबद्दल तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. संशय कमी असताना गुठळी नाही हे सांगायला ती तपासणी उत्तम. डी-डायमर नॉर्मल आला की बहुतेक वेळा सीटीही लागत नाही. पन्नाशीनंतर नॉर्मलची हद्द वयाप्रमाणे वाढते, वय गुणिले १०, म्हणजे ७० वर्षांच्या माणसाला ७०० पर्यंत चालतं. पण नुसता डी-डायमर वाढलाय म्हणून रक्त पातळ करायचं नसतं. जंतुसंसर्ग, गरोदरपण, कर्करोग, नुकतंच झालेलं ऑपरेशन, सगळ्यात तो वाढतो. पारिजातताईंच्या आईचा केला असता तर वाढलेलाच आला असता, त्यातून काही कळलं नसतं, फक्त वेळ गेला असता.

जुनी_पानं

वैद्यकाच्या इतिहासाची आवड असल्याने राहवत नाही. "पुरावा नसताना औषध" हा वाद या आजारात पहिल्यापासून आहे.

१९६० साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या बॅरिट आणि जॉर्डन या दोन डॉक्टरांनी लॅन्सेटमध्ये एक प्रयोग छापला. तेव्हा सीटी नव्हतं. निदान लक्षणं, ईसीजी आणि साध्या एक्स-रेवरूनच करायचं. त्यांनी रुग्णांचे दोन गट पाडले. एका गटाला हेपॅरिन आणि निकूमॅलोन, दुसऱ्याला काहीच नाही. औषध न मिळालेल्या १९ जणांपैकी ५ जण फुफ्फुसातल्या गुठळीने गेले, आणखी ५ जणांना पुन्हा गुठळी झाली पण ते वाचले. औषध मिळालेल्या १६ जणांत गुठळीने एकही मृत्यू नाही. फरक इतका उघड होता की औषधाविना रुग्ण ठेवणं त्यांना योग्य वाटेना, आणि तो प्रयोग तिथेच थांबवला. पुढे गंभीर गुठळीत "औषध विरुद्ध काहीच नाही" असा प्रयोग करायला कुणी धजलं नाही. त्यामुळे आजच्या सगळ्या उपचाराचा पाया हे ३५ रुग्ण आहेत.

त्यांनी वापरलेलं निकूमॅलोन म्हणजे अ‍ॅसिनोकुमॅरॉल. आपल्याकडे झडप बदललेल्या रुग्णांच्या घरोघरी ज्या बारीक गोळ्या असतात, त्याच.

मध्यरात्रीची_ड्यूटी

जुनी_पानं, फार छान आठवण दिलीत. त्यात एक अलीकडची भर घालतो. २०१० मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने आपल्या ४०० रुग्णांच्या नोंदी तपासल्या. ज्यांना हेपॅरिन तातडीच्या विभागातच मिळालं, त्यांच्यातले ४.४ टक्के महिन्याभरात दगावले. ज्यांना वॉर्डात गेल्यावर मिळालं, त्यांच्यातले १५.३ टक्के. हा काही चिठ्ठ्या टाकून केलेला प्रयोग नाही. ज्यांची लक्षणं गोंधळात टाकणारी होती किंवा ज्यांना इतर आजार जास्त होते त्यांनाच उशीर झाला असेल, अशी शंका घ्यायला जागा आहे. म्हणून या आकड्यांवर सगळी भिस्त मी ठेवत नाही. पण ब्रिस्टलच्या प्रयोगाच्या शेजारी ठेवून पाहिलं की दिशा एकच दिसते.

केळफूल

एक शंका. गुठळी विरघळवणारं इंजेक्शनही असतं ना, हार्ट अटॅकला देतात तसं? मग पारिजातच्या आईला ते का दिलं नाही? औषध वाढ थांबवतं एवढंच असेल तर विरघळवून मोकळं का नाही करायचं?

मध्यरात्रीची_ड्यूटी

बीपी कोसळलं असतं, वरचा आकडा ९० च्या खाली गेला असता, तर तोच विचार पहिला केला असता. तिथे मिनिटं मोजायची असतात. पण बीपी ठीक असताना तो सौदा महाग पडतो. २०१४ मध्ये पाईथो नावाचा १००५ रुग्णांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. बीपी ठीक, पण हृदयाची उजवी बाजू ताणलेली, असे रुग्ण. सर्वांना हेपॅरिन, आणि निम्म्यांना वरून टेनेक्टेप्लेज हे विरघळवणारं औषध. टेनेक्टेप्लेजने प्रकृती ढासळण्याचं प्रमाण कमी झालं, पण मेंदूत रक्तस्राव २ टक्के लोकांना झाला. नुसत्या हेपॅरिनच्या गटात ०.२ टक्के.

हा शेवटचा आकडा मामांना दाखवा. त्यांना वाटलेली भीती निराधार नाही, पण ती विरघळवणाऱ्या औषधाला जास्त लागू आहे. गुडघ्याचं ताजं ऑपरेशन असताना ते औषध देणं तर आणखी अवघड. पोटावरच्या इंजेक्शनात जखमेत रक्त साचण्याचा धोका असतो, पण तीन आठवड्यांनी तो बराच उतरलेला असतो, आणि साचलंच तर ते डोळ्यांना दिसतं, हाताला लागतं, त्यावर उपाय करता येतो.

औषधवाली

मी फार्मासिस्ट, सांगलीत. पारिजात, तुमचं रिव्हरोक्साबॅन चालू आहे म्हणालात, म्हणून माझ्या काउंटरवरचं सांगते. वेळेचा घोळ बहुतेक इथेच होतो.

गुठळीसाठी ही गोळी पहिले २१ दिवस १५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. मग २० मिलिग्रॅम, दिवसातून एकदा. पहिल्या तीन आठवड्यांत गुठळी पुन्हा होण्याचा धोका सर्वांत जास्त, म्हणून डोस चढा. माझ्याकडे लोक काय करतात? जुनी चिठ्ठी घेऊन येतात आणि १५ च्याच गोळ्या महिनाभर दोनदा मागतात. किंवा पहिली पाकिटं संपली की "आता बरं वाटतंय" म्हणून थांबतात. डिस्चार्ज कार्ड काढा, कुठल्या तारखेला २० वर जायचं ते डॉक्टरांकडून तारखेसकट लिहून घ्या, आणि ती तारीख कालनिर्णयवर गोल करून ठेवा. अ‍ॅपिक्साबॅन असेल तर गणित वेगळं: पहिले ७ दिवस १० मिलिग्रॅम दोनदा, मग ५ मिलिग्रॅम दोनदा. एकाच्या नियमाने दुसरी गोळी घेऊ नका.

आता जेवणाचं. रिव्हरोक्साबॅनची १५ आणि २० ची गोळी भरल्या पोटीच घ्यायची, रिकाम्या पोटी ती पूर्ण शोषली जात नाही. आमच्याकडे संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र करणाऱ्या बायका पुष्कळ. उपास करायचा असेल तर करा, पण गोळी भगर आणि दाण्याच्या आमटीबरोबर किंवा साबुदाण्याच्या खिचडीबरोबर घ्या, नुसत्या चहाबरोबर नाही. निर्जळी उपास असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. अ‍ॅपिक्साबॅनला जेवणाची अट नाही.

आणि गुडघा दुखतो म्हणून शेजारणीकडची डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन घेऊ नका. या गोळ्यांबरोबर त्यांनी पोटात रक्तस्राव होतो. दुखण्याला काय घ्यायचं ते ऑर्थोच्या डॉक्टरांनाच विचारा आणि "रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे" हे वाक्य पहिलं बोला.

पारिजात_रत्नांग्री

औषधवाली ताई, आई संकष्टीला चंद्रोदयानंतरच जेवते आणि गोळी सकाळी घेते, चहाबरोबर! बरं झालं सांगितलंत. आजच डॉक्टरांना फोन करते. आणि एखादी गोळी विसरली तर?

औषधवाली

दोनदाच्या टप्प्यात सकाळची विसरलात आणि दुपारी आठवली तर लगेच घ्या. त्या दिवशी एकूण ३० मिलिग्रॅम पोटात जायला हवं, त्यासाठी या टप्प्यात दोन गोळ्या एकदम घेतल्या तरी चालतं. पण एकदाच्या टप्प्यात, म्हणजे २० वर गेल्यावर, त्याच दिवशी आठवली तर घ्या, दुसऱ्या दिवशी दुप्पट मात्र अजिबात नाही.

देशावरचा_मास्तर

माझ्या वडिलांना पूर्वी हीच गुठळी झाली होती, तेव्हा वॉरफरिन ही रक्त पातळ करायची जुनी गोळी दिली. तेव्हा एकाच वेळी इंजेक्शनं आणि गोळ्या दोन्ही चालू होत्या. आम्हाला वाटलं दुहेरी खर्च चाललाय. एका डॉक्टरांनी दोन दिवसांत इंजेक्शनं थांबवली, आणि आठवड्याच्या आत पाय पुन्हा सुजला. त्याचं कारण मला आजवर कुणी नीट सांगितलं नाही.

मध्यरात्रीची_ड्यूटी

मास्तर, ते दुहेरी नव्हतं, आवश्यक होतं. वॉरफरिन आणि अ‍ॅसिनोकुमॅरॉल यकृताला नवे गोठणघटक बनवू देत नाहीत, पण रक्तात आधीपासून फिरत असलेले घटक संपायला वेळ लागतो. त्यातला सातवा घटक काही तासांत ओसरतो, म्हणून आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते दाखवणारा तपासणीतला आकडा) लवकर वाढलेला दिसतो आणि औषध लागू पडल्यासारखं वाटतं. पण ज्याच्यावर खरी भिस्त आहे तो दुसरा घटक, प्रोथ्रॉम्बिन, अर्धा व्हायला अडीच-तीन दिवस घेतो. त्याच काळात रक्त गोठू न देणारं प्रोटीन सी मात्र पटकन कमी होतं. म्हणजे सुरुवातीचे काही दिवस नुसत्या गोळीवर माणूस उलट गोठण्याच्या बाजूला झुकू शकतो. म्हणून इंजेक्शन किमान ५ दिवस, आणि आयएनआर २ च्या वर गेल्यानंतर आणखी २४ तास, ही दोन्ही पूर्ण होईपर्यंत चालू ठेवतात. तुमच्या वडिलांचा पाय सुजला त्याला हेच कारण असण्याची शक्यता मोठी.

रिव्हरोक्साबॅन आणि अ‍ॅपिक्साबॅनचा असर पहिल्या गोळीनंतर काही तासांत सुरू होतो, म्हणून तिथे ही जोडी लागत नाही. डॅबिगॅट्रान आणि एडोक्साबॅनला मात्र आधी किमान ५ दिवस इंजेक्शनं लागतात. या चारांना एका रांगेत बसवू नका.

सातासमुद्रापार

टोरंटोहून लिहितेय. मला गरोदरपणात सातव्या महिन्यात फुफ्फुसात गुठळी झाली होती. धाप गरोदरपणाची असेल म्हणून मीच दोन-तीन दिवस अंगावर काढलं. इथेही सीटीच्या आधीच इंजेक्शन दिलं, आणि सीटीच्या किरणांमुळे बाळाला होणारा धोका किती कमी आहे ते बसून समजावलं. नंतर पोटावरची इंजेक्शनं बाळंतपणापर्यंत. प्रसूतीची तारीख ठरवून घेतली आणि शेवटचं इंजेक्शन २४ तास आधी थांबवलं, कारण त्याशिवाय पाठीतून भूल देत नाहीत. बाळ झाल्यावर पुन्हा सुरू.

मला आई-बहिणींना एवढंच सांगायचंय की गरोदरपणात वॉरफरिन किंवा या नव्या गोळ्या स्वतःच्या मनाने चालू ठेवू नका. दिवस राहिल्याचा नुसता संशय आला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

मध्यरात्रीची_ड्यूटी

अगदी बरोबर. बाळंतपणानंतर किमान सहा आठवडे, आणि एकूण मिळून किमान तीन महिने औषध चालतं. अंगावर पाजत असाल तर इंजेक्शन किंवा वॉरफरिन चालतं, नव्या गोळ्या टाळतात.

घाटवाट

डॉक्टर, आमच्या शेजारच्या काकांना टीबीचे उपचार चालू आहेत आणि त्यातच पायात गुठळी झाली. त्यांना कुणीतरी म्हणालं की नव्या गोळ्या चालणार नाहीत. खरं का?

मध्यरात्रीची_ड्यूटी

खरं आहे, आणि आपल्याकडे हे फार महत्त्वाचं. टीबीच्या उपचारातलं रिफाम्पिसिन रिव्हरोक्साबॅन आणि अ‍ॅपिक्साबॅनचं रक्तातलं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आणतं. गोळी चालू आहे असं वाटत राहतं आणि संरक्षण नसतं. वॉरफरिन किंवा अ‍ॅसिनोकुमॅरॉल देता येतं, पण डोस नेहमीपेक्षा कितीतरी वाढवावा लागतो आणि आयएनआर वारंवार बघावा लागतो. काही वेळा इंजेक्शनच सोयीचं. खरी धोक्याची वेळ टीबीचा कोर्स संपतो तेव्हा येते. रिफाम्पिसिन थांबलं की पुढच्या दोन-तीन आठवड्यांत तोच वाढवलेला डोस जास्त होऊ लागतो आणि रक्तस्राव होतो. टीबीची शेवटची गोळी कधी आहे ती तारीख काकांच्या आयएनआर बघणाऱ्या डॉक्टरांना आजच कळवायला सांगा.

पारिजात_रत्नांग्री

सगळ्यांचे आभार. मामांनी धागा वाचला. मेंदूतल्या रक्तस्रावाचा आकडा पाहून ते शांत झाले, पण घाटवाट यांचा मुद्दा त्यांनी सोडलेला नाही, आणि मलाही तो पटतो. आता माझा दुसरा प्रश्न: हे कधीपर्यंत? आईला वाटतं जन्मभर. शिवाय डाव्या गुडघ्याची तारीख दोन महिन्यांनी ठरली होती, त्याचं काय?

मध्यरात्रीची_ड्यूटी

गुठळी कशामुळे झाली यावर मुदत ठरते. तीन महिने तर कुणालाही चुकत नाहीत. त्याआधी थांबवलं तर तीच गुठळी पुन्हा डोकं वर काढते. तुमच्या आईला कारण समोर आहे: मोठं ऑपरेशन. ते कारण संपलं, आई चालू-फिरू लागली, की तीन महिन्यांनी बहुतेक वेळा औषध थांबवता येतं.

ज्यांना काहीच कारण सापडत नाही त्यांचं वेगळं. त्यांच्यात औषध थांबवल्यावर पहिल्या वर्षात सुमारे १० टक्के लोकांना पुन्हा गुठळी होते, पाच वर्षांत २५ टक्के, दहा वर्षांत ३६ टक्के. पुरुषांत बायकांपेक्षा जास्त. म्हणून त्यांना बरेचदा पुढेही औषध चालू ठेवतात, सहा महिन्यांनंतर कमी डोसात ठेवण्याचाही पर्याय असतो. कर्करोग चालू असेल तर तो चालू आहे तोवर. आणि अ‍ॅन्टिफॉस्फोलिपिड सिंड्रोम नावाचा विकार निघाला तर नव्या गोळ्यांपेक्षा वॉरफरिन बरं, तेही लांब मुदतीसाठी.

डावा गुडघा दोन महिन्यांनी नको. गुठळीनंतरचे पहिले तीन महिने, टाळता येण्यासारखं कुठलंही ऑपरेशन पुढे ढकलतात, कारण त्यासाठी औषध थांबवावं लागतं आणि थांबवायला हा सर्वांत वाईट काळ. ऑर्थोच्या डॉक्टरांना आत्ताच फोन करून तारीख बदलून घ्या. पुढे जेव्हा कराल तेव्हा त्यांना, भूलतज्ज्ञांना आणि फिजिशियनना या गुठळीचे कागद दाखवा. दुसऱ्या ऑपरेशननंतर गुठळी होऊ नये म्हणून किती दिवस आणि काय द्यायचं, हे तिघांनी मिळून ठरवायला हवं. तो प्रतिबंधाचा डोस उपचाराच्या डोसापेक्षा बराच लहान असतो. घरात उरलेल्या गोळ्या त्यासाठी वापरू नका.

तीन महिन्यांच्या भेटीत एक गोष्ट आवर्जून सांगा: जिना चढताना धाप अजून लागते का. गोळ्या नीट घेऊनही लागत असेल तर इको करून घ्या. काही थोड्या लोकांत गुठळी पूर्ण विरघळत नाही, फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्यांत दाब राहून जातो. त्यावर वेगळे उपचार आहेत, आणि तिथे औषध आयुष्यभर चालतं.

पारिजात_रत्नांग्री

ऑर्थोच्या दवाखान्यात फोन केला, तारीख रद्द केली. गोळी सकाळच्या चहाऐवजी जेवणाबरोबर घ्यायची, असं फिजिशियननीही सांगितलं. २० मिलिग्रॅमवर जायची तारीखही लिहून दिली. अजून एक: आईची एक दाढ हलतेय, दातांचे डॉक्टर म्हणतात गोळी पाच दिवस बंद करा, मग काढू.

औषधवाली

पाच दिवस नको! स्वतःहून एक दिवससुद्धा बंद करू नका. पहिल्या तीन महिन्यांत दाढ थांबू शकत असेल तर थांबवा. पू झालाय, ठणकतेय, थांबणं शक्यच नाही, तर दातांच्या डॉक्टरांना तुमच्या फिजिशियनशी फोनवर बोलायला सांगा. एखादी दाढ काढायला गोळी बंद करावी लागतेच असं नाही. बहुतेक वेळा गोळीची वेळ थोडी पुढे सरकवून, टाका घालून आणि कापूस नीट दाबून धरून भागतं. आणि दाढदुखीलासुद्धा डायक्लोफिनॅक नाही.

मध्यरात्रीची_ड्यूटी

औषधवालींशी सहमत. दातांच्या डॉक्टरांकडे जाताना सीटीचा रिपोर्ट आणि डिस्चार्ज कार्ड दोन्ही न्या. पाच दिवसांची सवय वॉरफरिनच्या काळातली आहे. या गोळीचा असर एक-दोन दिवसांत उतरतो, म्हणजे उरलेले दिवस आई विनासंरक्षण राहील. त्यांना माझ्याशी बोलायचं असेल तर मला इथे निरोप पाठवा, मी उद्या दुपारनंतर मोकळा आहे.